मुळाशी वाढणारी साखळी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शास्त्रातले काही, पण सगळ्यांना समजेल असे बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. मी बी.ए., बी.एड. माणूस. पदवीचा विषय इतिहास. शाळेत शिक्षक अपुरे, म्हणून आठवी-नववीचे विज्ञान माझ्याकडे आले आणि हळूहळू त्याची गोडी लागली. तेव्हा रसायनशास्त्र जरी असले, तरी मी ते इतिहासाच्या शिक्षकासारखेच सांगणार. कोणी काय केले, कधी केले आणि का केले, या वाटेने गेले की अवघड विषयही अंगावर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता जरा आपल्या आजूबाजूला पाहा. पाहुणे बसले आहेत त्या साच्यात ओतलेल्या खुर्च्या, तुम्ही बसला आहात त्या रंगीत चटया, मागे स्वयंपाकाच्या शेडमध्ये ठेवलेल्या तांदळाच्या विणलेल्या गोण्या, पाण्याचा पिंप, आणि आपल्या खाडीवर जाल तर होड्या बांधायचे ते निळे-हिरवे दोर. या सगळ्या वस्तू मुख्यतः दोन वायूंपासून झालेल्या आहेत. एकाचे नाव इथिलीन, दुसऱ्याचे प्रोपिलीन. हाताने धरता न येणारा वायू आणि होडी बांधून ठेवणारा दोर, यांच्या मध्ये काय घडते, हा आजचा विषय.

इथिलीन आपल्याला परका नाही. आंब्याची अढी घातली की एक फळ पिकते आणि बघता बघता शेजारची पिकतात, ते पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते म्हणून. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे चार. दोन कार्बनांनी एकमेकांना दोन्ही हातांनी धरलेले असते. यालाच पुस्तकात दुहेरी बंध म्हणतात आणि असा बंध असलेल्या कुटुंबाला अल्कीन. प्रोपिलीन हा त्याचा धाकटा भाऊ, फक्त त्याच्या अंगाला आणखी एक कार्बन बाहेरच्या बाजूस लटकलेला. दोनांपैकी एक हात सुटला, तर प्रत्येक रेणू शेजाऱ्याला धरू शकेल, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि हजारो रेणूंची एक लांब साखळी होईल. एकेका कडीला एकवारिक म्हणतात, साखळीला बहुवारिक. कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात इथिलीन कोठीत भरून वर्षभर ठेवले तरी ते आपणहून हात सोडत नाही. कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. त्या सुरुवात करून देणाऱ्याला आरंभक म्हणू.

पहिली सुरुवात इंग्लंडात झाली. १९३३ च्या मार्च महिन्यात विनिंग्टन येथे आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या दोघांनी इथिलीनवर प्रचंड दाब दिला. हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो त्याच्या हजारपटीहूनही जास्त. भांडे उघडल्यावर तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ थोडासा मिळाला. पुढे तो प्रयोग पुन्हा जमेना. कधी भांड्यात स्फोट होई, कधी काहीच होत नसे. १९३५ साली पेरिन आणि त्याच्या सहकाऱ्यांना तो जमला आणि शोध घेता असे कळले की इथिलीनमध्ये ऑक्सिजनचा किंचितसा अंश शिरला होता, तोच आरंभक ठरला होता. हेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून ते मोलाचे ठरले.

पण त्या पॉलिथिनमध्ये एक दोष होता. अशा दाबाखाली साखळी भराभर वाढते ती टोकाकडून, रानातल्या वेलीसारखी. वेलीला जसे वाटेत फाटे फुटतात, तसे या साखळीलाही फुटतात. फाटे असलेल्या काटक्यांची मोळी बांधून पाहा, ती कधी घट्ट बसत नाही. म्हणून हे पॉलिथिन मऊ, हलके आणि उकळत्या पाण्यात लिबलिबीत होणारे. पिशवीला चांगले, बादलीला नाही. शिवाय तो दाब पेलणारी यंत्रे उभारायची तर खर्च भारी. आणि प्रोपिलीन? ते या वाटेने मुळीच बधत नव्हते. त्याच्या बाजूला लटकणारा जो कार्बन आहे, त्याच्यावरचा हायड्रोजनच वाढती साखळी ओढून घेई आणि तिथल्या तिथे मरे.

आता आपण जर्मनीत जाऊ. रूर नदीकाठच्या म्युलहाइम गावात कोळशावर संशोधन करण्यासाठी स्थापन झालेली एक संस्था आहे. १९४३ साली तिचे संचालक म्हणून कार्ल त्सिग्लर यांना बोलावण्यात आले. त्सिग्लर हे मारबुर्गचे डॉक्टरेट, तीही वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मिळवलेली. त्यांचा आवडता विषय कार्बनी-धातू संयुगे, म्हणजे ज्यांत धातूचा अणू थेट कार्बनाला जोडलेला असतो अशी संयुगे. कोळशाच्या संस्थेला त्याचा काय उपयोग? त्सिग्लर यांनी जागा स्वीकारताना एकच अट घातली, की कोळसा असो वा नसो, कार्बनच्या संयुगांत मला जे शोधावेसे वाटेल ते शोधू द्यावे. संस्थेने अट मान्य केली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही अट आणि ती मान्य करणारे लोक, दोन्ही मोठे वाटतात. ज्या कामाचा उपयोग आज सांगता येत नाही त्यासाठी खुर्ची, खोली आणि पगार देणे कोणत्याही संस्थेला, अगदी आपल्यालाही, जड जाते.

त्यांचे लाडके संयुग होते ट्रायइथिल अ‍ॅल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या एका अणूला तीन बाजूंनी दोन-दोन कार्बनांच्या शेपट्या. आपल्या घरातले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले किती गरीब, आणि हे त्याचेच संयुग किती तापट! पाण्यासारखे दिसणारे हे द्रव हवेत येताच आपणहून पेट घेते, पाण्याचा थेंब लागला तर स्फोट होतो. म्हणून ते हाताळायचे ते नायट्रोजनच्या आवरणात. या द्रवात शंभर अंशाच्या आसपास दाबाखाली इथिलीन सोडले, की एकेक इथिलीन धातू आणि शेपटी यांच्या मध्ये घुसते आणि शेपटी दोन-दोन कार्बनांनी लांबत जाते. मात्र फार लांबत नाही, मध्येच गळून पडते. त्सिग्लर ती लांब कशी करता येईल या खटपटीत होते.

अशात होल्त्सकाम्प नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगात उलटेच घडले. शेपटी लांबण्याऐवजी दोन इथिलीन जोडले गेले की काम थांबू लागले. भांड्यात मिळाला तो नुसता चार कार्बनांचा ब्युटीन वायू. हीच ती जागा, मुलांनो, जिथे मला तुमच्याशी थोडे थांबून बोलायचे आहे.

आपल्या शाळा-शाळांतून प्रयोगवही कशी भरली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा असतो. थर्मामीटर ९८ अंश दाखवतो, शेजारच्याच्या वहीत १०० असते, आणि क्षणात आपल्याही वहीत १०० होते. गुण पूर्ण मिळतात. पण थर्मामीटर ९८ का म्हणाला? तो चुकीचा असेल, त्याचा फुगा वाफेत न राहता बाजूला राहिला असेल, किंवा जागाच उंच असेल. महाबळेश्वरावर पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळते. ते दोन अंश खोडले की त्यांच्याबरोबर प्रश्नही खोडला जातो. पालकांनाही माझी विनंती आहे. प्रयोगवहीत किती गुण, हे विचारता त्याबरोबर एकदा हेही विचारा, की तुला वेगळे उत्तर आलेला एखादा प्रयोग दाखव.

म्युलहाइममध्ये त्या मुलाने उत्तर खोडले नाही आणि त्याच्या गुरूंनीही त्याला खोडायला सांगितले नाही. हे कशाने झाले, याचा माग काढायचे ठरले. पोलादी दाबपात्र, ज्याला आपण मोठा प्रेशर कुकर म्हणू, त्याचा कसून तपास झाला आणि शेवटी गुन्हेगार सापडला. पात्रात राहिलेला निकेल धातूचा अत्यल्प अंश. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तो अंश साऱ्या प्रयोगाचा निकाल फिरवत होता.

मग त्सिग्लर यांनी जो विचार केला तो फार सरळ आहे आणि म्हणूनच फार मोठा आहे. निकेल जर साखळी तोडतो, तर दुसरे धातूही काही ना काही करत असतील. म्हणून मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतले निकेलचे भाऊबंद एकामागून एक तपासायला घेतले. हे काम ब्राइल या विद्यार्थ्याकडे आले. काहींनी काहीच केले नाही. काहींनी निकेलसारखीच साखळी तोडली. झिर्कोनियमचे संयुग घातले तेव्हा मात्र भांडे पांढऱ्या घट्ट गोळ्याने भरून गेले. तोडणाऱ्याचा शोध घेता घेता जोडणारा सापडला. त्याहूनही जलद ठरले टायटॅनियम टेट्राक्लोराइड, दमट हवेत पांढरा धूर सोडणारे एक द्रव. १९५३ च्या शरद ऋतूत मार्टिन या सहकाऱ्याने दाखवून दिले, की ट्रायइथिल अ‍ॅल्युमिनियम आणि हे टायटॅनियमचे द्रव पेट्रोलसारख्या द्रावकात मिसळले, तर कसल्याही दाबाशिवाय इथिलीनची साखळी होते. पोलादी पात्र बाजूला राहिले. जर्मन गृहिणी मुरांबे-फळे टिकवण्यासाठी वापरतात तसल्या काचेच्या बरणीत ते काळपट मिश्रण घ्यायचे, हवा शिरू द्यायची नाही, आणि वायूचे बुडबुडे सोडायचे. थोड्याच वेळात द्रव गढूळ होऊन लापशीसारखे दाट होते आणि पांढरी भुकटी तयार होते. हजार वातावरणांचा दाब जिथे लागत होता, तिथे एका बरणीने काम भागले! त्याच नोव्हेंबरमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला.

हे पॉलिथिन जुन्यासारखे नव्हते. याची साखळी सरळ, जवळजवळ बिनफाट्यांची. मोळी घट्ट बसते, म्हणून घनता जास्त, ताकद जास्त, आणि वितळायला सुमारे १३० अंश लागतात. उकळते पाणी ओतले तरी आकार राहतो. असे का व्हावे? मी वर वेलीची उपमा दिली. या नव्या साखळीला उपमा द्यायची तर केसाची द्यावी लागेल. केस टोकाकडून वाढत नाही, मुळाशी वाढतो. इथे मूळ म्हणजे टायटॅनियमचा अणू. अ‍ॅल्युमिनियमने आपली एक शेपटी त्याला दिलेली असते आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी असते. इथिलीन येते, त्या रिकाम्या जागी टेकते, त्याचा दुहेरी बंध सैल होतो आणि ते धातू व शेपटी यांच्या मध्ये जाऊन बसते. झालेली सगळी साखळी दोन कार्बनांनी पुढे सरकते, पुन्हा एक जागा रिकामी होते, पुढचे इथिलीन येते. हे स्पष्टीकरण डच शास्त्रज्ञ कोसे यांनी १९६४ मध्ये मांडले आणि मुख्यतः तेच आजही मानले जाते. जो येईल त्याला मुळाशीच, ठरलेल्या जागी बसावे लागते. मधूनच फांदी फुटायला वाव राहत नाही.

या शिस्तीचा खरा चमत्कार प्रोपिलीनने दाखवला, आणि तो घडला इटलीत. मिलान पॉलिटेक्निकचे प्राध्यापक जुलिओ नाट्टा हे माँटेकातिनी या कंपनीचे सल्लागार, आणि त्या कंपनीचा त्सिग्लर यांच्याशी करार झालेला. त्यामुळे बरणीची बातमी त्यांना लगेच कळली. ११ मार्च १९५४ रोजी नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत किनी या तरुण सहकाऱ्याने प्रोपिलीनची साखळी तयार केली. हाती आला तो चिकट गोळा. नाट्टांनी तो टाकून दिला नाही. वेगवेगळ्या द्रावकांनी धुऊन चिकट भाग काढला तेव्हा खाली पांढरी, स्फटिकासारखी भुकटी राहिली, जी १६० अंशांच्याही वर वितळत होती. नाट्टा क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहण्यात तरबेज. त्यांनी पाहिले की तो बाजूला लटकणारा कार्बन साखळीभर एकाच बाजूला आहे. मैदानावर कवायतीला उभी राहिलेली मुले आठवा. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला तर ओळी एकमेकींत नीट बसतात. कोणी उजवा, कोणी डावा, कसाही केला तर गोंधळ. चिकट भाग म्हणजे तो गोंधळ, स्फटिक म्हणजे ती कवायत.

या शिस्तीला नाव हवे होते. ते दिले नाट्टांच्या पत्नी रोझिता यांनी. त्या साहित्याच्या पदवीधर. ग्रीक भाषेतून त्यांनी आयसोटॅक्टिक हा शब्द घडवला. आयसो म्हणजे सारखे, टॅक्टिक म्हणजे मांडणीचे. सगळी रसायनशास्त्राची पुस्तके आज हा शब्द वापरतात. आमच्या बी.ए.वाल्यांच्या वाट्याला रसायनशास्त्रात एवढे तरी आले, याचा मला मनापासून आनंद होतो. आणि आर्ट्सला जाणाऱ्या मुलींना कमी लेखणाऱ्यांनीही हे नाव ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्सिग्लर आणि नाट्टा यांना विभागून मिळाले. नाट्टांना तोवर कंपवाताने घेरले होते. दोघांत प्रोपिलीनच्या श्रेयावरून दुरावाही आला होता, आणि गंमत अशी की अमेरिकेतले स्फटिकरूप पॉलिप्रोपिलीनचे पेटंट दीर्घ झगड्यानंतर १९८३ साली तिसऱ्यालाच, फिलिप्स पेट्रोलियमच्या होगन आणि बँक्स यांच्या शोधाला मिळाले. त्यांनी १९५१ मध्ये क्रोमियमच्या वाटेने तोच पदार्थ मिळवला होता. त्सिग्लर यांना मात्र पेटंटांपासून पैसा चांगला मिळाला, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास सुमारे चार कोटी मार्कांचा निधी आपल्या संस्थेच्या संशोधनासाठी काढून ठेवला. आपल्या संस्थेचा देणगीदार-फलक दारातच आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. सुरुवातीला तयार मालातून धातूचा अंश धुऊन काढावा लागे. नंतर टायटॅनियम मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवण्याची युक्ती निघाली आणि आरंभक इतका थोडा पुरू लागला की धुण्याची गरजच उरली नाही. १९७० च्या दशकात हाम्बुर्गला झिन आणि कामिन्स्की यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक उलटा प्रकार घडला. अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाचा शत्रू म्हणजे पाणी. पण किंचित पाणी गेलेले मिश्रण मंद पडण्याऐवजी भलतेच जोरात चालू लागले. इथेही कोणी ते खोडले नाही. त्यातून मेटॅलोसीन नावाच्या आरंभकांचे युग सुरू झाले, ज्यांत साखळीची शिस्त हवी तशी ठरवता येते. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. स्वामीनाथन शिवराम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच क्षेत्रात काम केले आहे.

हे सगळे जर्मनी-इटलीत, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा कारखाना उभा राहिला आणि तिथेच पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीच्या तंत्राने त्सिग्लर पद्धतीचे पॉलिथिन करायला घेतले. १९९० च्या सुमारास रायगड जिल्ह्यात नागोठण्याला मोठा प्रकल्प आला, तिथे पॉलिथिनही होते आणि पॉलिप्रोपिलीनही. आणि आपल्यापैकी कितीतरी घरांतले वडील, चाचा, मामू सौदीत जुबैलला, कुवेतमध्ये शुऐब्याला, अबू धाबीत रुवैसला फिटर, वेल्डर, रिगर म्हणून राबले आहेत, आजही राबत आहेत. ज्या पाइपाचा फ्लँज ते आवळतात, त्यातून हाच तापट द्रव जात असतो. तो नायट्रोजनखाली ठेवलेला असतो, आणि नायट्रोजन भरलेल्या टाकीत परवान्याशिवाय डोके घालणारा माणूस वास न येता, खोकला न येता पडतो. बाप सुट्टीवर आला म्हणजे मुलांनी फक्त खजूर आणि अत्तराची बाटली मागू नये. अब्बा, तुमच्या प्लँटमध्ये नेमके काय होते, एवढे विचारावे. बापाला सांगता आले नाही तर दोघांनी मिळून पुस्तक उघडावे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की पासपोर्ट काढायचा ही आपल्याकडची रीत आहे, तिला माझा विरोध नाही. त्या फ्लँजच्या पलीकडे, जिथे आरंभकाचे प्रमाण ठरते त्या खोलीतही आपल्यातले कोणी बसावे, आणि त्यासाठी बारावीनंतर आणखी चार-पाच वर्षे घराने कळ काढावी, एवढेच माझे मागणे आहे.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. साखळी जितकी घट्ट, तितकी ती जंतूंना फोडता येत नाही. दोर सडत नाही म्हणून कोळी खूश. पण तोच तुटलेला दोर खाडीत वर्षानुवर्षे राहतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, २०२२ च्या जुलैपासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. दुसरीकडे २०२० च्या साथीत डॉक्टर-परिचारिकांच्या तोंडावरच्या मास्कची आतली चाळण याच पॉलिप्रोपिलीनच्या बारीक तंतूंची होती. पदार्थाला दोष देऊन हात झटकणे मला पटत नाही; दोन मिनिटे वापरायची वस्तू शतकभर टिकणाऱ्या पदार्थाची करणे, हा निर्णय माणसाचा आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडी ठेवू. घरातली मोडकी प्लॅस्टिकची वस्तू घेऊन या. तिच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे त्सिग्लरच्या जातीचे घट्ट पॉलिथिन, ४ म्हणजे फाटेवाले मऊ, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. तुकडे करून पाण्यात टाकायचे. हे तिन्ही तरंगतील, १ आणि ३ आकड्यांचे बुडतील. मग एका वाटीत खोबरेल तेल घ्यायचे. पाण्यावर तरंगणारा २ चा तुकडा तेलात तळाला जातो. ज्याचा जाणार नाही, त्याने तसेच लिहून ठेवावे आणि तो तुकडा माझ्याकडे आणावा.